कोर्बिनियानची नवी एअर रायफल

आमच्या बव्हेरियातल्या गावात बंदुकांचं एकच दुकान, वाल्बुर्गाबाईंचं. कोर्बिनियान तिथे सकाळपासून ठाण मांडून होता. हातातली चौथी एअर रायफल, नळकांड्यात हवा आधीच भरलेली, त्यामुळे उडवताना धक्का म्हणून नाही. दहा मीटरवरच्या कागदात पाचही छर्रे एकाच भोकातून गेले.

"अजून एकदा मारून बघतो."

"अरे, आता काय माशीचा डोळा फोडणार आहेस?"

"नेम धरीन तिथेच लागलं पाहिजे, बाई. केसभरही इकडेतिकडे नको. जुन्या बंदुकीनं दोन वर्षं घात केलाय."

"मग ही घे, डोळे झाकून. रविवारच्या स्पर्धेत नेमबाजी मंडळाचा राजा तूच! चांदीची साखळी यंदाही तुझ्याच गळ्यात."

कोर्बिनियानचा चेहरा खर्रकन उतरला.



"राजानं अख्ख्या गावाला बिअर पाजायची असते, बाई. दोन्ही वर्षं मी नेम मुद्दाम बाजूला धरला होता, त्या डबड्यानं छर्रा बरोबर मधोमध नेला."