मिनिटाला पन्नास लिटर

आप्पासाहेबांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सकाळपासून तिसऱ्यांदा काढली आणि पडद्यावरचा आकडा चौऱ्याण्णववरून शहाऐंशीवर घसरला. पोटाच्या ऑपरेशनला दोनच दिवस झाले होते. डॉक्टर धनश्री धावत आल्या, नळी पुन्हा बसवली.

"आप्पा, आता काढलीत तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. ते टळावं म्हणून तर या जोराच्या हवेवर आमचा अभ्यास चाललाय. टोचतंय का? गरम लागतंय?"

अभ्यासाच्या फॉर्मवर नळी काढण्याची चार कारणं छापलेली होती. आप्पासाहेबांचं त्यात नव्हतं.

"तुमीच म्हनला, मिनिटाला पन्नास लिटर. म्हंजी तासाला तीन हजार. दिसाला बहात्तर हजार." धाप लागली, पण हिशेब चुकला नाही. "त्या समोरच्या म्हातारीला किती?"

"पाच."

"मग मला एकट्याला धा मानसांचं?"

गावच्या पाणी समितीत बावीस वर्षं काढलेला माणूस. सख्ख्या मेव्हण्याची मोटर जादा चालली तरी स्वतः जाऊन बंद करायचा.

धनश्रींनी समजावलं, की यात निम्मी साधी हवाच असते, जोरानं सोडली की फुप्फुस उघडं राहतं, म्हातारीचं काही कमी होत नाही. आप्पासाहेबांनी ग्रामसभेत ऐकावं तसं सगळं ऐकून घेतलं आणि हात परत नळीकडे नेला.

शेवटी आयसीयूचा नियम बाजूला ठेवून त्यांच्या बायकोला, गोजरबाईंना, आत घेतलं. बाहेर एसीखाली बसून त्या पार गारठल्या होत्या.

"काढा की," त्या म्हणाल्या. "गावात सांगते मी. बायकू मागं ठिवली, पर हवा वाचवली."

आप्पासाहेबांना हसू आलं, तसे टाके दुखले. नळीकडे निघालेल्या हातानं वाटेत बायकोचा हात धरला.

"लई गार पडलीस गं." त्यांनी तो हात ओढून आपल्या नाकाजवळ नेला. "हितं धर. कडंनं निम्मी वायाच चाललीय. ऊन हाय, बघ."

गोजरबाईंनी नर्सकडे पाहिलं, पदर सावरला, पण तळहात हलवला नाही. आकडा नव्वदवर आला. मग त्र्याण्णव.

वेळ संपली म्हणून सांगायला आलेल्या धनश्री तशाच माघारी वळल्या.

"झाला का गरम?" आप्पासाहेबांनी विचारलं. "मग आता दुसरा धर."