मागच्या सीटचं सामान

“एकच रॉड?” श्रीरामनं अशा सुरात विचारलं, जणू पुरुषोत्तम दुकानात एकाच पायाचा बूट मागत होता.

“एकच. हात दोनच आहेत, त्यातला एक रीळ फिरवायला लागतो.”

श्रीराम अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये सगळ्यांच्या आधी आलेला मराठी माणूस. त्यामुळे कुठल्याही खरेदीला त्याला सोबत न्यावंच लागे. त्याच्या गराजमध्ये डझनभर रॉड होते. मासा मात्र त्यानं अजून फोटोतच पाहिला होता.

पुरुषोत्तमचा हिशेब सरळ होता. बास माशांच्या टूर्नामेंटमध्ये माणसं दोन तऱ्हेची, बोटवाली आणि बिनबोटीची. बिनबोटीच्या माणसाला चिठ्ठी टाकून कुणाच्या तरी बोटीत मागची सीट मिळते. पुढच्यानं चाळून झालेल्या पाण्यात त्यानं आपला गळ टाकायचा. दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसणाऱ्यानं ट्रंक घेऊन यायची नसते. म्हणून एक मध्यम रॉड, एक साधं रीळ, प्लॅस्टिकच्या गांडुळांची पाकिटं, गळ, शिशाच्या गोळ्या आणि पक्कड. लाइफ जॅकेट सेलमधलं. सामान ठेवायला पेटी घेतलीच नाही. घरी शरयूचा जुना मिसळणाचा डबा होता. मोहरीच्या वाटीत गळ बसले, हळदीच्या वाटीत शिसं.

“मासे मारायला निघालात?” शरयूनं विचारलं.

“मारत नाहीत गं. वजन करतात आणि जिवंत सोडून देतात.”

“मग धरायचे कशाला?”

याचं खरं उत्तर हॅचर असं होतं. हॅचर म्हणजे पुरुषोत्तमचा साहेब. डिपार्टमेंटमध्ये लीडची, म्हणजे टीमप्रमुखाची, जागा रिकामी होती, आणि मागचे दोन्ही लीड हॅचरच्या फिशिंग क्लबातून उगवले होते. पुरुषोत्तम नऊ वर्षं त्याच टेबलाशी बसत होता. हॅचर त्याला अजून ‘पेरी’ म्हणायचा.

क्लबच्या जून १९८५च्या टूर्नामेंटची चिठ्ठी निघाली ती हॅचरच्याच बोटीची. शनिवारी पहाटे पुरुषोत्तम सामान गाडीत टाकतो तोच शेजारच्या जेन्सनबाईंचं मांजर ड्राइव्हवेवरून आडवं गेलं.

“दोन मिनिटं थांबा,” शरयू दारातून म्हणाली.

“अगं, ही अमेरिका आहे. इथे मांजर म्हणजे नुसतं मांजर.” त्यानं गाडी काढली.

बोटीत हॅचरनं त्याचं सामान न्याहाळलं. रॉड हलवून पाहिला. मिसळणाचा डबा उघडून हुंगला. “गुड. कमी सामान. मागच्या माणसाचं असंच असावं, पेरी.” नऊ वर्षांतलं हे पहिलं कौतुक. पुरुषोत्तमला लीडची खुर्ची पाण्यावर तरंगताना दिसली.

आनंदानं त्याला भूक लागली. शरयूनं पोळीभाजीबरोबर केळी दिली होती. त्यानं एक सोललं.

बोटीच्या तळाला कुणी भोक पाडावं तसा हॅचर गर्रकन वळला. “ते काय आहे?”

“केळं, सर. घेणार?”

हॅचर स्टॅटिस्टिक्समधला डॉक्टर होता. पुराव्याशिवाय एक आकडा त्याच्या केबिनचं दार ओलांडत नसे. “बोटीत केळं?” तो ओरडला. “केळं असलेल्या बोटीला मासा लागत नाही! जगाला माहीत आहे!” केळी पाण्यात गेली. मागोमाग साल गेलं, पिशवी गेली, आणि पुरुषोत्तमच्या हातातला अर्धा तुकडाही गेला.

नंतर दिवसभर मासा लागला नाही. पुरुषोत्तमच्या मते वारा उलटा होता, पण त्याचं मत कुणी विचारलं नाही. पहिलं बक्षीस पर्चेस डिपार्टमेंटच्या क्रूगरनं नेलं. त्या क्रूगरला हरवणं हे हॅचरच्या आयुष्यातलं उरलेलं एकमेव ध्येय होतं. 

“लीडची जागा गेली,” पुरुषोत्तमनं घरी येऊन सांगितलं.

“मी थांबा म्हटलं होतं,” शरयू म्हणाली.

जुलैची चिठ्ठी निघाली. पुरुषोत्तमला मागची सीट मिळाली ती क्रूगरच्या बोटीत.

टूर्नामेंटच्या आदल्या संध्याकाळी हॅचर त्याच्या टेबलाशी आला. हॅचर आजवर कुणाच्याही टेबलाशी गेलेला नव्हता.

“पुरुषोत्तम,” तो म्हणाला. प्रत्येक अक्षर जागच्या जागी होतं. केबिनमध्ये सराव केला असावा. त्यानं एक तपकिरी कागदी पिशवी टेबलावर ठेवली. “उद्याचा लंच, माझ्याकडून. क्रूगरला दाखवायची गरज नाही.” जाता जाता तो वळला. “आणि ते लीडचं सोमवारी बोलू.”

पुरुषोत्तमनं पिशवीत डोकावून पाहिलं. पिवळीधमक, अख्खी फणी.

केळ्यानं मासा पळतो यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. आणि विश्वासच नसल्यामुळे ती नेण्यात काही गैरही दिसेना.

“घरात केळी असताना ही कशाला आणलीत?” शरयूनं विचारलं.

“ऑफिसची आहेत.”

पहाटे त्यानं सामान काढलं. एक रॉड, एक रीळ, मिसळणाचा डबा, आणि जॅकेटखाली झाकलेली पिशवी. जेन्सनबाईंचं मांजर ड्राइव्हवे ओलांडायला निघालं होतं. शरयू दारातून काही बोलणार, तोच मांजरानं पुरुषोत्तमकडे पाहिलं आणि उचललेला पाय तसाच मागे घेतला. पुरुषोत्तमची गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी ते दोन मिनिटं जागचं हललं नाही.