राणीचा शिलेदार

"मग तो शिलेदार घोड्यावरून उतरला आणि राणीसमोर गुडघे टेकून बसला," एवढं वाचून गुरुदत्तनं चष्मा सारखा केला आणि बायकोकडे पाहिलं.

उत्तरा खिडकीशी बसली होती. टेक्ससमधल्या एका कॉलेजात तिनं निवृत्त होईपर्यंत मध्ययुगीन युरोपातल्या शिलेदारांच्या प्रेमकथा शिकवल्या होत्या. इंजिनिअर गुरुदत्तनं त्यातली एकही कधी वाचली नव्हती. आता प्लेनोतल्या, स्मृती गेलेल्यांना सांभाळणाऱ्या या मेमरी केअर सेंटरमध्ये तो रोज दुपारी यायचा आणि तिचीच इंग्रजी पुस्तकं मराठीत करून तिला ऐकवायचा. तो आपला नवरा आहे हे तिला आठवत नव्हतं. एकदा त्यानं सांगून पाहिलं, तेव्हा ती घाबरून इतकी रडली की नर्सला धावत यावं लागलं.

एसीचा झोत थेट तिच्या अंगावर येत होता. त्यानं उठून तिच्या खांद्यावर शाल टाकली.

"थंडी वाजतेय का तुला?"

ती ताठ झाली. "तुला? अहो, एकदम एकेरीवर काय येता? लग्न झालंय माझं."

"सॉरी. चुकलं." तो दोन पावलं मागे सरला. "तुम्हाला थंडी वाजतेय का?"

त्याचा उतरलेला चेहरा पाहून ती जरा निवळली. वर्गात बोलायची तशी सावकाश बोलू लागली. "या गोष्टींतला शिलेदारसुद्धा दुसऱ्याच्या बायकोवर जीव टाकतो. त्यात वाईट काही नाही. फक्त त्यानं काही मागायचं नसतं. तिचा शब्द झेलायचा, तिच्यासाठी लढायचं. बस."

"आणि तिला ते कधी कळलंच नाही तर?"

"तरीही."

गुरुदत्तनं पुस्तक उघडलं. अक्षरं लागेनात.

"तुम्ही छान वाचता हं," उत्तरा म्हणाली. "आमच्या गुरुदत्तला यातलं काही आवडत नाही. पण माणूस फार चांगला आहे. ऑफिस सुटलं की येईलच मला न्यायला."

त्यानं पुस्तक मिटलं. "उद्या येऊ का मी?"

तिनं खांद्यावरची शाल नीट ओढून घेतली.

"या. पण त्याला विचारून या. त्याच्यापासून मी काही लपवत नाही."

"विचारतो," गुरुदत्त म्हणाला. "तो नाही म्हणणार नाही."