कॅप्टन सगळ्यांत शेवटी

तिसऱ्या रांगेतल्या काकांनी जेवायचा काटा दंडात खुपसला, तेव्हा कॅप्टनला कळ आली आणि कौतुकही वाटलं. काय अभिनय करतात ही माणसं!

आग लागलेलं विमान रिकामं करायच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. शेरा दोन्ही वेळा एकच: फार मऊ.

"खरे प्रवासी ढिम्म बसून राहतात," जुने परीक्षक म्हणाले होते. "आग लागली तरी जेवतील. उचलून फेका! आता नापास झालात, तर लायसन्स विसरा."

आज केंद्र नव्या जागी होतं, त्यात उशीर झालेला. "विमान कुठंय?" त्याने धापा टाकत विचारलं. रखवालदाराने बोट दाखवलं. पंख कापलेलं जुनं विमान, परीक्षेला असतं तसंच. गणवेशातला कॅप्टन आत शिरताच प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी पॅड-पेन घेऊन उभा असलेला परीक्षक अदबीने म्हणाला, "काय देऊ, कॅप्टन?"

"एक संधी द्या, साहेब."

तेवढ्यात पडद्यामागून धुराचा लोट आला. झाली सुरुवात!

"बाहेर! सामान सोडा! बाहेर!"

कोणी हललं नाही. एक आजी म्हणाल्या, "अरे, सूप तरी संपवू दे."

त्याने आजींना सूपसकट उचललं आणि मागच्या दारातून घसरगुंडीवर सोडलं. मग जुंपली. काकांनी काटा खुपसला, त्याने काकांचे दोन दात पाडले. काकूंनी पर्सने त्याचं नाक फोडलं, त्याही गेल्या. एक जावई खुर्ची सोडेना, तर कॅप्टन त्याच्या मनगटाला कडकडून चावला.

"मेलो! माझा हात!"

"कॅप्टन," खालून सासऱ्यांचा आवाज आला, "दुसराही बघा जरा!"

शेवटी परीक्षकच आडवा आला. "पोलिसांना बोलावतो!" कॅप्टन क्षणभर घुटमळला. पण नाही, मऊपणा नको. परीक्षकही गेला, पॅडसकट. संडासात लपलेल्याला तर पॅन्ट वर ओढायलाही वेळ मिळाला नाही.

मग नियमाप्रमाणे कॅप्टन सगळ्यांत शेवटी. नाकाचं रक्त पुसून तो ऐटीत घसरला. घसरगुंडी जरा अरुंद होती. मध्येच तो कमरेत अडकला.

खाली नुसती रडारड. रस्त्यापलीकडे, वैमानिक प्रशिक्षण केंद्राच्या दारात, एक गृहस्थ घड्याळाकडे बघत कोणाची तरी वाट पाहत होते. कॅप्टनने सावकाश मान वर केली. विमानाच्या पोटावर रंगीबेरंगी अक्षरं होती: 'फॅमिली रेस्टॉरंट. मुलांसाठी घसरगुंडी.'