पुट्टीखालचं नाव

वळणावर उसाची ट्रॉली घासली आणि बाळासो डेंटरच्या जावयाच्या, बिरुदेवच्या, जुन्या गाडीचं दार पार चेपलं. नवं परवडेना, म्हणून बिरुदेवनं इस्लामपूरच्या भंगारातून दुसरं दार उचललं. "मामा, रंग बी जुळतोय बगा!" बाळासोची एक रीत होती. पुट्टी भरण्याआधी उघड्या पत्र्यावर खिळ्यानं गाडीमालकाचं नाव कोरायचं. दाराची फुगलेली पुट्टी त्यानं खरवडली, तर खाली त्याचंच अक्षर निघालं. हंबीरराव. चार वर्षांमागं कोरलेलं. त्यानंतर महिन्याभरात हंबीरराव अपघातात गेला होता. पत्रा आणखी उघडा झाला. जुन्या पुट्टीखालीच, त्याच अक्षरात, त्यानं कधीच न कोरलेलं दुसरं नाव होतं. बिरुदेव. "मामा, माझं बी नाव टाका की," जावई मागून म्हणाला. बाळासोनं कानशीनं ते दुसरं नाव घासून काढलं आणि खिळा उचलला. "झालं का?" "व्हय, पावणं." नुकत्याच कोरलेल्या स्वतःच्या नावावर बाळासोनं पुट्टी ओढली.