कुलूपवाल्याचं पाकीट

"या वेळी पाकीट गेलं तर मी धंदाच बदलीन," असं म्हणत कुलूपवाल्यानं पाकिटाला साखळी लावली, साखळी कमरेच्या पट्ट्यात अडकवली आणि वर नखाएवढं कुलूप घातलं.

मागच्या सहलीत मोठ्या शहराच्या स्टेशनातच त्याचा खिसा कापला गेला होता. आकाशपाळणा दाखवायला नेलेल्या पोरांना आल्या पावली परत आणावं लागलं. कुलूपवाल्याचंच पाकीट मारलं म्हणून गल्ली अजून हसत होती.

"मी सगळ्यात वर जाणार!" चिमी खाटेवर उड्या मारत होती.

"आणि मी वरून बाबांच्या टकलावर शेंगांची टरफलं टाकणार," दादा म्हणाला.

"मग दोघांना तिथंच ठेवून येते." आई डबे भरताना हसली. "वन्सं, या वेळी तुम्हीही चला ना."

"माझं तिथं काय काम गं? गर्दीत जीव घाबरा होतो."

वन्सं म्हणजे कुलूपवाल्याची थोरली बहीण, पोरांची आत्या. तरुणपणी ती कुठंतरी बारीक हातकाम करायची. डोळे अधू झाले तशी भावाकडे राहायला आली. घरात एवढंच ठाऊक होतं.

"आत्या नाही तर मीपण नाही!" चिमीनं जमिनीवर फतकल मारलं.

आत्या विरघळली. "बरं बाई, येते. पण तोंडाला स्कार्फ बांधीन. धूळ सोसत नाही मला."

"अरे, कुलपाची किल्ली कुठं गेली?" कुलूपवाला स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला.

"ही घे," आत्यानं किल्ली पुढं केली. "तुझ्याच आतल्या खिशात होती. वेंधळा कुठला!"

शहराच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि चिमी किंचाळलीच. "तो बघा! फिरतोय!"

सगळे माना वर करून बघत राहिले. मग कुलूपवाल्यानं सवयीनं पट्टा चाचपला. साखळी होती. कुलूप शाबूत होतं. पाकीट नव्हतं.

तो मटकन बॅगेवर बसला. "संपलं. चला घरी."

चिमीचा ओठ थरथरू लागला.

आत्यानं स्कार्फ सोडला, कमरेवर हात ठेवले आणि गर्दीकडे नुसतं पाहिलं.

पलीकडून कंगवे विकणारा एक पांढऱ्या मिश्यांचा म्हातारा धापा टाकत आला. त्यानं पाकीट कुलूपवाल्याच्या हातात कोंबलं आणि तो आत्यासमोर कमरेत वाकला.

"माफी असावी, उस्तादबाई. माणूस नवा आहे. ही तुमच्या घरची मंडळी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."