फ्रीझरची खंडेनवमी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी श्यामलानं कॉलेजची प्रयोगशाळा उघडली, तर फ्रीझरला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ आणि मागं भिंतीवरचं बटण बंद.

तिनं झाकण उचललं. आत बर्फाचं पाणी झालं होतं. चाळीस नळ्यांतलं चाळीस कुर्तुक पक्ष्यांचं रक्त नासलं होतं.

शिपाई विठ्ठल प्रसादाचे चुरमुरे घेऊन आला. "मीच पूजा केलो, अक्का. नवमीला नांगरसुद्धा उभा राहतोय. हे एकटंच बिचारं वर्षभर राबतंय बघा. दोन दिवस विश्रांती दिलो."

चोरी असती तर ओरडता आलं असतं. यानं तर फूल वाहिलं होतं. श्यामलानं चुरमुऱ्यांबरोबर रडू गिळलं आणि तिचे मार्गदर्शक रामचंद्र सर यांची खोली गाठली.

घाटातल्या दोन खोऱ्यांतले हे कुर्तुक. रंग तोच, हाक तीच. शेजारी बसवले तर त्यांच्या आयांनीही ओळखले नसते. पण पलीकडच्या खोऱ्यातल्या तिघांचं रक्त तिनं तपासलं, तेव्हा ते निराळंच निघालं. तिघांवर कोण विश्वास ठेवणार, असं सरच म्हणाले होते. त्याच खोऱ्यातल्या उरलेल्या चाळीस नळ्या सोमवारी तपासायच्या होत्या.

"पुन्हा जाऊन आण," सर म्हणाले.

"कुठून, सर? त्या खोऱ्यात धरणाचं पाणी चढलंय. काठाकाठानं दोनदा हिंडले. एक हाक ऐकू आली नाही. तिथं आता मासे आहेत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग प्रबंधात एकच जात लिही. दिसायला एकच तर होते."

"पण नव्हते, सर."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. कागदावर काय दाखवणार?"

ती परत आली तेव्हा विठ्ठल फ्रीझरपाशीच उभा होता. कुणीतरी त्याला काहीतरी सांगितलं असावं. चेहरा उतरला होता.

"माझ्यानं काय बिघडलं काय, अक्का? ती पाखरं परत गावतील की नाही?"

"गावतील की, अण्णा," श्यामला म्हणाली, आणि एकेक नळी मोरीत रिकामी करू लागली.